इंजिन खोलायच्या आधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चार महिन्यांपूर्वी भागीदारीत जुना ट्रक घेतला. नऊ वर्षांचा, सहा चाकी, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, मीटरवर ५,४०,००० किमी. आठवड्याला साधारण दोन लिटर इंजिन ऑइल वरून टाकावं लागतं. सकाळी सुरू करताना पाचेक मिनिटं निळसर-पांढरा धूर येतो, मग थांबतो. भरल्या गाडीला चढावर तापमानाचा काटा वर सरकतो. याच कारणाने आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला होता, हे नंतर कळलं. पुढचे टायर आतल्या बाजूने झिजतात. मेस्त्री म्हणतात, "इंजिनाचं काम काढा, पाच वर्षं बघायला नको." भागीदार म्हणतो, "चालतेय तोवर चालवू, बंद पडली की बघू." पैसा एकाच मोठ्या कामापुरता आहे. दरम्यान तेल कमी जावं म्हणून जाड ऑइल आणि बाटलीतलं औषध टाकून पाहिलं. तर इंजिन बांधावं (खोलून, झिजलेले भाग बदलून परत जोडावं) की गाडी विकून टाकावी? आणि रोज सकाळी अर्धा तास इंजिन गरम करतो, ते बरोबर आहे का?

नमस्कार.

तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत, इंजिन बांधणं किंवा विकणं. दोन्ही एकाच समजुतीवर उभ्या आहेत, ती म्हणजे तेल खाणारं इंजिन संपलेलं असतं. तसं असेलही. पण पत्रात सांगितलेल्या लक्षणांवरून ते ठरत नाही. उलट त्यातली दोन-तीन लक्षणं वेगळीकडेच बोट दाखवतात. मेस्त्रींना खोटं ठरवायचं नाही. मात्र इंजिन खोलण्याआधी जी मोजमापं व्हायला हवीत, त्यांतलं एकही पत्रात नाही.

आधी तेलाचं बघू. "आठवड्याला दोन लिटर" याला माप म्हणत नाहीत. आठवड्यात गाडी २,५०० किमी पळते की ६०० किमी, यावर सगळं अवलंबून आहे. गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं, तर पहिल्या हिशेबात ६२५ लिटर डिझेलमागे दोन लिटर तेल गेलं, म्हणजे ०.३ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या हिशेबात १५० लिटरमागे दोन लिटर, म्हणजे १.३ टक्के. पहिलं इंजिन म्हातारं आहे, पण कामाचं आहे. दुसऱ्याला खरंच काहीतरी झालंय. तेल नेहमी डिझेलच्या प्रमाणात मोजा. आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल आणि महिनोन्महिने तिथेच असेल, तर तेवढ्यासाठी इंजिन खोलू नये, असं माझं मत आहे. आकडा कमी असूनही दर महिन्याला चढत असेल, तर मात्र लक्ष घाला.

मोजायची रीत अशी. सकाळी, सपाट जमिनीवर, रात्रभर उभ्या गाडीची तेल मोजायची पट्टी बघा आणि वरच्या खुणेपर्यंत तेल भरा. खुणेच्या वर नको. जास्त भरलेलं तेल क्रँकच्या फटक्याने घुसळतं, फेसाळतं आणि ब्रीदरमधून (आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर जातं. "दोन लिटर टाकलं तरी संपतं" या तक्रारीमागे कधीकधी दोन लिटर जास्त टाकणं हेच कारण निघतं. मग २,००० किमीपर्यंत प्रत्येक टॉप-अप मापाच्या भांड्याने मोजून वहीत लिहा, शेजारी डिझेलचे लिटर लिहा. ही वही पुढे रोज लागेल, तिच्यात कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) आणि हवेच्या दाबाचाही रकाना करा.

मोजणी चालू असताना तेल जातं कुठे ते शोधा. इंजिन धुऊन, शंभरेक किलोमीटर चालवून, टॉर्च लावून खालून-वरून बघा, आणि रात्री खाली पुठ्ठा अंथरा. पुठ्ठ्यावर डाग पडला तर तेल इंजिन खात नाहीये, गळतंय. बाहेर कुठेच ओल नसेल, तर आतल्या संशयितांकडे वळा. हे चार आहेत आणि पिस्टनच्या रिंगा त्यांतल्या एकच.

पहिला एअर कॉम्प्रेसर, म्हणजे ब्रेकसाठी हवा भरणारा पंप. त्याला तेल इंजिनातूनच मिळतं. त्याच्या रिंगा झिजल्या की तेल हवेबरोबर ब्रेकच्या टाकीत जातं. टाकीचा ड्रेन कॉक पांढऱ्या फडक्यावर उघडा. थोडं पाणी आणि हलका तेलकटपणा चालतो. काळं-करडं, सायीसारखं तेल भसकन आलं, तर तुमच्या दोन लिटरमधला मोठा हिस्सा इकडे जातोय. हे तेल पुढे ड्रायर आणि व्हॉल्व्हची रबरंही खराब करतं. दुसरा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. टर्बोतून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा पाइप काढून आत बोट फिरवा. धूसर ओलावा असतोच, पण बोट निथळलं किंवा पाइपच्या तळाशी तेल साचलेलं दिसलं, तर टर्बोचं सील गेलंय. किंवा टर्बोमधून खाली येणारा तेलाचा पाइप तुंबलाय. तो बघितल्याशिवाय नवा टर्बो बसवला तर नवाही तेल फेकेल. तिसरा व्हॉल्व्हचा स्टेम सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर तेल अडवणारं रबर. त्याची खूण तुम्हीच लिहिली आहे. रात्रभर तेल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं, सकाळी पाच मिनिटं निळसर धूर होऊन जळतं आणि मग धूर थांबतो. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर, परत दाबताक्षणी निळा भपका आला, तरी बोट इकडेच. रिंगांचा धूर असा सकाळपुरता येऊन थांबत नाही. तो गाडी ओढताना, लोडवर, सतत येतो.

धुरातला पांढरेपणा थंड सिलिंडरमध्ये न जळलेल्या डिझेलचाही असतो. नोझल (डिझेल फवारणारा भाग) ठिबकत असेल किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) आवळलेले असतील तर तो वाढतो. टॅपेट एकदा गेजने सेट करून घ्या. आणि "आवाज येतो" म्हणून कमी गॅपवर आवळू देऊ नका. आवाज करणारा टॅपेट कटकटीचा असतो, पण आवळलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

चौथा संशयित रिंगा. त्यांची पहिली परीक्षा फुकट आहे. इंजिन पूर्ण गरम असताना, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता), तेल भरायच्या तोंडाचं झाकण उलटं करून नुसतं ठेवा. जरा थरथरलं, थोडी वाफ आली तर ठीक. झाकण उडून पडत असेल आणि फुसफुस धूर येत असेल तर गॅस रिंगांवरून खाली येतोय. मात्र त्याआधी ब्रीदर साफ करा. तुंबलेला ब्रीदर चांगल्या इंजिनालाही असंच फुसफुसायला लावतो आणि सगळ्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. त्यापेक्षाही सहा सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. सगळे १०-१५ टक्क्यांच्या आत असतील तर इंजिन एकसारखं म्हातारं झालंय. पाच ठीक आणि एकच पडलेला असेल, तर दुखणं त्या एका सिलिंडरचं आहे.

इथे एक सावधगिरी. सिलिंडर शोधायला चालू इंजिनाचा नोझलचा पाइप सैल करून बघायची सवय जुन्या पंपाच्या इंजिनांपासून चालत आली आहे. कॉमन रेल इंजिनावर (ज्यात सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल जातं) हे कधीही करू देऊ नका. तिथे १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. डिझेलची ती धार कातडीतून आत शिरते, आणि बारीक दिसणारी जखमही थेट शस्त्रक्रियेपर्यंत नेते.

मेस्त्रींना दोन गोष्टी आवर्जून करायला सांगा. गरम इंजिनावर साधं यांत्रिक प्रेशर गेज लावून तेलाचा दाब बघायचा. आयडलला साधारण १ बार आणि पळत्या आरपीएमवर ३-४ बार मिळत असेल, तर बेअरिंगांची घाई नाही. (अचूक आकडा मॅन्युअलचाच.) आणि पुढच्या वेळी तेल बदलताना काढलेला फिल्टर फेकायचा नाही, तो कापून त्यातला कागद उन्हात उलगडायचा. काळा चिकटा असणारच. त्यात तांबूस किंवा रुपेरी चमकणारे कण दिसतात का, ते बघा. चुंबकाला चिकटले तर लोखंडी, म्हणजे लायनर (सिलिंडरची आतली नळी), रिंग, गिअर यांचे. न चिकटणारे तांबूस असतील तर बेअरिंगचे. शक्य असेल तर गरम तेलाचा १०० मिलिलिटरचा नमुना, ड्रेनची धार मध्यावर असताना स्वच्छ बाटलीत धरून, तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. अहवालात सिलिकॉन जास्त म्हणजे धूळ आत जातेय, सोडियम किंवा पोटॅशियम म्हणजे कूलंट तेलात येतंय, तांबं-शिसं म्हणजे बेअरिंग. इंजिन खोलायच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

जाड तेलाबद्दल. जाड तेल झिजलेल्या इंजिनाला दोन-चार आठवडे गप्प बसवतं, हे खरं. पण सकाळच्या पहिल्या मिनिटात ते टर्बोपर्यंत आणि रॉकरपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि पुष्कळशी झीज त्याच मिनिटात होते. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० असेल तर तेच, आणि ग्रेडइतकीच महत्त्वाची ती दर्जा सांगणारी पुढची अक्षरं, सीआय-४, सीके-४ वगैरे, तीही तीच किंवा वरची. सायलेन्सरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचंच तेल लागतं, नाहीतर तो भरून बसतो. बाटलीतलं औषध बंद करा. ते आत असताना तुम्ही काहीही मोजलंत तरी ते औषधाचं माप होईल, इंजिनाचं नाही. आताचं तेल काढा, फिल्टरसह नवं भरा आणि वरची मोजणी तिथून सुरू करा. पुढचा बदल अर्ध्या अंतरावर करा. आधीच्या मालकाने साठू दिलेला गाळ नवं तेल उचलून आणणार आहे. त्यानंतर मॅन्युअलचं अंतर पुरे.

आता तापमान. पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य थर्मोस्टॅटचं आहे. तेलापेक्षा हे जास्त गंभीर आहे.

थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड चालते, हा समज फार पक्का आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. ८० अंशांच्या वर गेल्यावर रेडिएटरची वाट उघडतो, आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. मग पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो, आणि भरल्या गाडीत चढावर, जिथे थंडाव्याची खरी गरज असते, तिथेच गाडी तापते. रिकामी किंवा उतारावर असताना उलट इंजिन कधी नीट गरमच होत नाही. थंड सिलिंडरच्या भिंतीवर डिझेल तेल धुऊन काढतं, तेलातलं पाणी उडत नाही, गाळ होतो, लायनर झिजतात. सकाळचा धूर लांबतो तो वेगळाच. तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या काढून टाकलेल्या भागात असू शकतं. नवा बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन, थर्मामीटर बुडवून तापवा. अंगावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला आणि थंड झाल्यावर घट्ट मिटला, तर चांगला.

पण आधीच्या मालकाने तो काढला, कारण तेव्हाही गाडी तापत होती. ते कारण अजून गाडीत आहे. पहिली शंका रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मधल्या फटीवर. समोरून बघितलं तर दोन्ही स्वच्छ दिसतात, पण मध्ये धूळ, कीटक आणि तेलाचा थर जमून गोधडी झालेली असते. वरची पट्टी सोडून बॅटरीच्या उजेडात आत बघा. धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने. जोराच्या धारेने पत्रे मुडपले की हवेची वाट कायमची बंद होते. मग झाकण. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभरच्या वरही उकळत नाही. त्याचं रबर कडक झालं तर गाडी विनाकारण उकळते. सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि बघितला जातो सगळ्यांच्या शेवटी. गाडी गरम असताना ते उघडू नका. वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय, भोक बुजवून उपयोग नाही. फॅनला व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर फॅन पकडणारी जोडणी) असेल तर बंद, थंड इंजिनावर हाताने फिरवून बघा. अगदी मोकळा गरगर फिरला तर कपलिंग निकामी आहे.

कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील तर लगेच "हेड गॅस्केट गेलं" म्हणू नका. पाण्याने थंड होणाऱ्या एअर कॉम्प्रेसरच्या हेडचं गॅस्केट गेलं, तरी हवा कूलंटमध्ये येते. कॉम्प्रेसर हवा भरत असताना बुडबुडे आले आणि कट-आउट झाल्यावर (टाकी भरून हवा भरणं थांबल्यावर) थांबले, तर संशय कॉम्प्रेसरवर. एवढ्या एका निरीक्षणावर हेड उतरवायचं की नाही ते ठरतं.

साधं पाणी भरत असाल तर तेही बंद करा. कूलंट आणि खनिजविरहित पाणी, निम्मं-निम्मं. हे फक्त पाणी गोठू नये किंवा गंज लागू नये म्हणून असतं असं नाही. ओल्या लायनरच्या इंजिनात (ज्यात लायनरला बाहेरून कूलंट लागतं) प्रत्येक स्फोटासरशी लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना धातू टोकरतात. कूलंटमधली रसायनं तिथे संरक्षक पापुद्रा धरतात. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या लायनरला बाहेरून टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, आणि एके दिवशी त्यातून पाणी तेलात येतं. त्या दिवशी इंजिन बांधावंच लागतं.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता. समजा रिंगा खरंच झिजल्यात. कशाने झिजल्या? बहुतेक वेळा उत्तर धूळ असतं. एअर फिल्टर ते टर्बो हा रबरी पाइप काढा आणि आतल्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूने, पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली, किंवा क्लिपच्या जवळ मातीची रेघ दिसली, तर तिथून न गाळलेली हवा इंजिनात जातेय. ही गळती न बुजवता नवे लायनर-पिस्टन घातले, तर ते या रिंगांपेक्षाही लवकर जातील आणि "पाच वर्षं" विसरा. फिल्टर रोज काढून झटकायची सवयही मोडा. प्रत्येक उघडझापीत थोडी धूळ आत जाते, चाकावर आपटला की कागद फाटतो किंवा कडेचं रबर वाकतं. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा निर्देशक लाल झाला की बदला. साफ करायचाच असेल तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या खालची हवा. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतोच, तो फक्त बदलायचा.

टायरचं सोपं आहे, पण तातडीचं. दोन्ही पुढचे टायर आतून झिजतात, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला फाकली आहेत किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) सैल होऊन चाकं वरून आत कलली आहेत. झिजलेल्या पट्ट्यावरून तळहात आडवा फिरवा. करवतीसारखे दाते लागले तर टो (चाकं फाकण्याचा दोष), सरसकट गुळगुळीत उतार लागला तर किंगपिन. ॲक्सल जॅकवर घेऊन स्टँड लावा (नुसत्या जॅकखाली कुणी जायचं नाही), टायर वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. ब्रेकने खडखड गेली तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिली तर किंगपिन. ते दुरुस्त झाल्याशिवाय अलाइनमेंट करून पैसे वाया घालवू नका.

किंगपिनला ग्रीस मारतानाही ॲक्सल उचललेला हवा. वजन अंगावर असताना ज्या बाजूला भार असतो तिथली फट मिटलेली असते, ग्रीस सोप्या बाजूने बाहेर येतं आणि मारणाऱ्याला वाटतं, भरलं. प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस मारताना चारही कपांतून ताजं ग्रीस दिसलं पाहिजे. तिघांतून आलं आणि एक कोरडा राहिला, तर शाफ्ट थोडा फिरवून, हलवून परत मारा. कपाच्या कडेला वीटकरी रंगाची भुकटी दिसली तर तो आधीच कोरडा चाललाय, क्रॉस बदला. स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ढिलेपणा घेणारा भाग), पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिना, ब्रेकचा कॅमशाफ्ट यांनाही दर महिन्याला किंवा ५,००० किमीला, जे आधी येईल तेव्हा. कॅमशाफ्टला मात्र बेताने, जास्तीचं ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर जातं. दाबाच्या पाण्याने गाडी धुतली की त्यानंतर ग्रीस ठरलेलंच.

तुमच्या भागीदाराचं म्हणणं मी पूर्ण मोडीत काढणार नाही. दिवे, वायपर, हॉर्न, अगदी सेल्फसुद्धा बंद पडेपर्यंत चालवायला हरकत नाही. जास्तीत जास्त एक खेप उशिरा होईल. पण काही भाग स्वतःपुरते तुटत नाहीत. फॅन बेल्ट तुटला की वॉटर बॉडी थांबते आणि हेड वाकतं. क्रॉस तुटला की मोकळा शाफ्ट हवेच्या पाइपांना आणि टाक्यांना झोडपतो. चाकाचं बेअरिंग बसलं की हब, ॲक्सल, कधी अख्खं चाक जातं. ब्रेकच्या रबरी नळ्यांबद्दल सांगायलाच नको. एवढी यादी वेगळी काढा आणि तिला "बंद पडली की बघू" लागू नाही, असं दोघांत ठरवा.

ब्रेकची एक चाचणी दर आठवड्याला. चाकांना ओंडके लावा, हवेची टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद करा, पेडल दाबून धरा. एका मिनिटात दाब ३ पीएसआयपेक्षा, म्हणजे सुमारे ०.२ बारपेक्षा जास्त उतरला तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा. टाक्या रोज संध्याकाळी रिकाम्या करा. स्लॅक ॲडजस्टर ढिलेपणा आपोआप घेणारा असेल आणि तरी तो दर पंधरा दिवसांनी पान्याने आवळावा लागत असेल, तर तो बिघडलाय, आवळून दोष झाकतोय इतकंच. आणि मागच्या चाकांवरच्या दुहेरी बूस्टरची (स्प्रिंग असलेल्या ब्रेकच्या डब्याची) मधली पट्टी कुणालाही खोलू देऊ नका. आतल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते.

मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमधून किंवा गिअरबॉक्समधून तेल गळत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर बघा. मातीने बुजला असेल तर गरम हवा सीलमधूनच वाट काढते आणि नवं सीलही महिन्याभरात गळतं. तेल एकदा बदलून घ्या. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लेप असणं साधं आहे, बोटात टोचणारा तुकडा साधा नाही.

आता विकण्याचा प्रश्न. तो इंजिनावर ठरवू नका, चेसिसवर ठरवा. इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग, सगळं बदलता येतं. चेसिस गेली की गाडी गेली. ती धुऊन, कोरडी करून, टॉर्च लावून दोन्ही लांब पट्ट्या हाताने चाचपत बघा. केबिनच्या मागे, पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, जिथे भोकं पाडलीत किंवा आधी वेल्डिंग झालंय तिथे, आणि वरच्या-खालच्या पट्टीच्या कडेला. रंगावर केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती बहुधा तडाच असते. दोन पत्रे एकावर एक जोडलेल्या जागी मध्ये गंज फुगून पत्रे दूर झालेत का, तेही बघा. एखादा तडा जाणकाराकडून, कंपनीच्या पद्धतीने दुरुस्त होतो. मात्र वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) सुटे करायला लावा. तडे दोन्ही पट्ट्यांवर, अनेक ठिकाणी असतील तर या गाडीवर मोठा खर्च करू नका. पाट्यांचे यू-बोल्ट सैल असतील तर आवळून घ्या. ते सैल राहिले की मधला बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागचा सरकतो. एकदा काढलेला यू-बोल्ट परत वापरू नका, तो ताणलेला असतो.

म्हणून पैशांचा क्रम मी असा लावेन. आधी ब्रेक, किंगपिन आणि चाकांची बेअरिंगं. मग थर्मोस्टॅट, रेडिएटर, कूलंट, बेल्ट आणि पाइप. मग हवेच्या वाटेची गळती, सगळी तेलं आणि फिल्टर. डिझेलचा वॉटर सेपरेटर दर दोन-चार दिवसांनी खालून सोडायची सवय यातच धरा, कॉमन रेलच्या पंपाला आणि नोझलला पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. हे सगळं मिळून इंजिन बांधायच्या खर्चाच्या बरंच खाली राहावं. मग ५,००० किमी चालवा आणि वही उघडा.

तेलाचा आकडा तेव्हाही एक टक्क्याच्या आसपास असेल, झाकण उडत असेल आणि कॉम्प्रेशन पडलेलं असेल, तर मेस्त्रींचं बरोबर होतं. इंजिन बांधा. पण तेव्हाही मापं मागा. लायनर किती मिलिमीटर झिजले, क्रँकची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने किती भरली, लायनर ब्लॉकच्या वर किती उभा आहे, हे कागदावर घ्या. ऑइल कूलर बदला किंवा पूर्ण साफ करून घ्या. जुन्या बेअरिंगची भुकटी त्यात दडून बसते आणि नव्या बेअरिंगमध्ये उतरते. बांधल्यावर पहिले काही दिवस तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, मध्यम भार देऊन चालवा. रिंगा भारावरच बसतात. पहिलं तेल मॅन्युअलमधल्या अंतरावर, लवकर बदला.

आणि सकाळचा अर्धा तास आजपासून बंद. आयडलवर डिझेल इंजिन नीट तापतच नाही. तो अर्धा तास डिझेल तेलात उतरतं आणि नोझलवर काजळी धरते. सुरू केल्यावर तेलाचा दाब आणि ब्रेकची हवा पूर्ण भरेपर्यंत थांबा, तीन ते पाच मिनिटं. मग काटा जागेवर येईपर्यंत हलक्या पायाने, कमी आरपीएमवर चालवा. वाचलेल्या वेळातली दोन-तीन मिनिटं संध्याकाळी वापरा. चढ चढून किंवा भरली गाडी ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता आयडलवर ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या शाफ्टवर तेल फिरत राहील आणि जळून कोळसा होणार नाही. हे तुमच्या ड्रायव्हरलाही सांगा, किल्ली त्याच्या हातात असते.